पुनर्विकासासाठी विकासकाची निवड

शहरातील जीर्ण, धोकादायक अथवा दाटीने वसलेल्या वस्तीच्या जागी नवी बांधकामे उभारून मूळ रहिवाशांचे तेथेच पुनर्वसन करणे, यास नागरी पुनर्विकास म्हणतात. हे काम स्वतः न करता एखाद्या खासगी अगर सार्वजनिक संस्थेकडे सोपविताना महानगरपालिका वा अन्य प्राधिकरण ज्या रीतीने त्या संस्थेची पारख करते व तिच्याशी करार करते, ती प्रक्रिया म्हणजे विकासकाची निवड होय. ठेकेदार व विकासक यांत महत्त्वाचा भेद आहे. ठेकेदार ठरलेल्या मोबदल्यात बांधकाम करून देतो. विकासक मात्र स्वतःचे भांडवल गुंतवितो, रहिवाशांना विनामूल्य सदनिका देतो आणि उरलेले बांधकाम खुल्या बाजारात विकून आपला खर्च व नफा भरून काढतो. म्हणून ठेकेदाराच्या निवडीत कमीत कमी दर पाहतात, तर विकासकाच्या निवडीत सर्वांत लाभदायक प्रस्ताव शोधावा लागतो. आणि हा लाभ नेमका कोणाचा, महापालिकेचा की रहिवाशांचा, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे. रहिवासी काम सुरू होण्यापूर्वीच आपले घर रिकामे करून देतात. त्यामुळे निवड चुकल्यास सार्वजनिक उत्पन्न बुडते एवढेच नव्हे, तर शेकडो कुटुंबे वर्षानुवर्षे भाड्याच्या घरात अडकून पडतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकापर्यंत दाट वस्त्या पाडून रस्ते व इमारती उभारण्याचे काम बहुधा सत्ताधारी स्वतःच करीत. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उद्‌भवल्यानंतर १८९८ मध्ये मुंबई नगर सुधार विश्वस्त मंडळ (सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले. त्याने अनारोग्यकारक वस्त्या संपादून रुंद रस्ते काढले व नवे भूखंड पाडले. हे मंडळ १९३३ मध्ये मुंबई महानगरपालिकेत विलीन झाले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास विभागाने (बीडीडी) वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. या दोन्ही प्रयत्नांत खासगी विकासकाला स्थान नव्हते.

अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण अधिनियमाने निराळा मार्ग घालून दिला. स्थानिक संस्थांनी केंद्रीय अनुदानातून वस्त्या संपादून मोकळ्या कराव्यात व ती जमीन खासगी विकासकांना विकावी, अशी ती योजना होती. तीमुळे मध्यवर्ती भागांचे रूप पालटले. तथापि तेथील गरीब व कृष्णवर्णीय रहिवाशांपैकी बहुसंख्य लोक विस्थापित झाले. सिंगापूरमध्ये १९६७ पासून सरकारी भूखंड निविदेने विकासकांना देण्याची पद्धत सुरू झाली. तेथे काही महत्त्वाच्या भूखंडांसाठी आराखड्याची गुणवत्ता आधी तपासतात आणि तीत उतरलेल्या प्रस्तावांच्याच किमती उघडतात.

महाराष्ट्रात खासगी भांडवलाचा अवलंब मुख्यतः चटई क्षेत्र निर्देशांकाच्या साहाय्याने झाला. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे दर्शविणाऱ्या आकड्यास चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. शासनाजवळ पैसा नसला, तरी हा निर्देशांक वाढवून देण्याचा अधिकार असतो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपकरप्राप्त जुन्या इमारतींना आणि १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने झोपडपट्ट्यांना अशी वाढ देऊ केली. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरांसाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. सलग मोठ्या क्षेत्राच्या नागरी पुनर्निर्माणाची, म्हणजेच समूह विकासाची तरतूद तीत आहे.

निवडीचा अधिकार : विकासक कोणी निवडावा, हे जमिनीच्या मालकीवर अवलंबून असते. जमीन सहकारी गृहनिर्माण संस्थेची असल्यास निवड सभासदच करतात व महापालिका केवळ बांधकाम परवानगी देते. अशा संस्थांसाठी सहकार अधिनियमाच्या कलम ७९ अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश निघाले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारण्यात आले. सुधारित निर्देशांनुसार विकासकाची निवड निबंधकाच्या प्रतिनिधीसमक्ष भरलेल्या सर्वसाधारण सभेत व्हावी, सभेस दोन-तृतीयांश सभासद उपस्थित असावेत आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती असावी, अशा अटी आहेत.

जमीन महापालिकेची असल्यास महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. या अधिनियमाच्या कलम ७९ अन्वये स्थावर मालमत्ता विकताना अगर भाडेपट्ट्याने देताना तिचा मोबदला प्रचलित बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये. प्रस्ताव आयुक्त तयार करतात. करार व मालमत्तेची विल्हेवाट यांस रकमेच्या व मुदतीच्या मानाने सोळा सदस्यांची स्थायी समिती अथवा महासभा मंजुरी देते. प्रशासनाने छाननी करावी व लोकप्रतिनिधींनी तिच्यावर चर्चा करून निर्णय घ्यावा, अशी ही रचना आहे. जेथे संपूर्ण वस्तीचा प्रश्न असतो, तेथे राज्य शासन स्वतः अथवा महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा), सिडको यांसारख्या संस्थांमार्फत निवड करते.

निवडीची पद्धती : सर्वसाधारण पद्धत दोन पाकिटांच्या निविदेची आहे. पहिल्या पाकिटात पूर्वी पूर्ण केलेली कामे, वार्षिक उलाढाल, निव्वळ संपत्ती, चालू असलेल्या कामांचा बोजा, न्यायालयीन दावे व बयाणा रक्कम यांची माहिती असते. या कसोट्यांना उतरलेल्यांचेच दुसरे, म्हणजे आर्थिक देकाराचे पाकीट उघडले जाते. निविदा आता संगणकीय प्रणालीवर मागविल्या जातात. इच्छुकांच्या शंकांचे निरसन करण्यासाठी निविदापूर्व बैठक होते आणि तीत ठरलेले बदल सर्वांना सारखेच कळवावे लागतात. देकार स्वीकारल्यावर इरादापत्र, त्यानंतर अनामत व बँक हमी, करारनामा आणि शेवटी कार्यादेश असा क्रम असतो.

आर्थिक देकार कशावर मागवावा, हा सर्वांत नाजूक भाग होय. समजा, १०,००० चौ. मी. भूखंडावर ३ इतक्या निर्देशांकाने ३०,००० चौ. मी. बांधकाम करता येते व तेथे ४०० कुटुंबे राहतात. एका विकासकाने प्रत्येक कुटुंबाला ३५ चौ. मी. सदनिका व महापालिकेस १० कोटी रुपये अधिमूल्य देऊ केले. पुनर्वसनास १४,००० चौ. मी. लागून त्याच्यापाशी विक्रीसाठी १६,००० चौ. मी. उरतात. दुसऱ्याने अधिमूल्य न देता प्रत्येकी ४० चौ. मी. देऊ केले. त्याच्याकडे १४,००० चौ. मी. उरतात. केवळ अधिमूल्याची तुलना केल्यास पहिला श्रेष्ठ ठरतो, पण रहिवाशांच्या दृष्टीने दुसरा. यासाठी रहिवाशांचा हिस्सा आधी निश्चित करून अधिमूल्यावर स्पर्धा ठेवावी, अथवा अधिमूल्य निश्चित करून सदनिकेच्या क्षेत्रफळावर ठेवावी. दोन्ही बाबी खुल्या ठेवल्यास त्यांचे परस्पर-प्रमाण निविदेतच जाहीर करावे लागते. अन्यथा निवड मर्जीवर जाते.

अवाजवी मोठा देकार हाही एक धोका आहे. विक्रीच्या किमती वाढतच राहतील असे गृहीत धरून दिलेला देकार बाजार मंदावताच पेलवेनासा होतो, आणि रहिवाशांचे भाडे प्रथम थकते. विकासकाच्या ताळेबंदात भांडवल व कर्ज यांचे प्रमाण काय आहे, हे पाहणे म्हणूनच देकाराच्या आकड्याइतके महत्त्वाचे असते.

दुसरी पद्धत ‘स्विस चॅलेंज’ या नावाने ओळखली जाते. तीत एखादा विकासक आपण होऊन प्रस्ताव मांडतो, प्राधिकरण त्यावर इतरांकडून देकार मागविते आणि अधिक चांगला देकार आल्यास मूळ प्रस्तावकाला त्याची बरोबरी करण्याची संधी देते. नव्या कल्पनांना तीमुळे उत्तेजन मिळते. मात्र मूळ प्रस्तावकाला मिळणाऱ्या झुकत्या मापामुळे इतर लोक स्पर्धेत उतरण्यास कचरतात. ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथील म्हाडाच्या एका प्रकल्पाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ही पद्धत वैध ठरविली. त्याच निर्णयात पद्धतीचे स्वरूप, तीत येणारे प्रकल्प, सक्षम अधिकारी व मुदती शासनाने आगाऊ प्रसिद्ध कराव्यात आणि सर्व इच्छुकांना समान व पुरेशी संधी द्यावी, असे सांगितले.

न्यायालयीन नियंत्रण : शासकीय संस्थेने जाहीर केलेल्या पात्रतेच्या अटी तिला स्वतःलाही बंधनकारक असतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये रमणा दयाराम शेट्टी खटल्यात मांडले. १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात न्यायालय निर्णयाच्या व्यापारी शहाणपणाची नव्हे, तर निर्णय घेण्याच्या प्रक्रियेची तपासणी करते, असे स्पष्ट झाले. त्यामुळे निवडीत पक्षपात वा मनमानी झाल्यास न्यायालयाकडे दाद मागता येते. निवड नियमानुसार होऊनही अदूरदर्शी ठरली, तर तिच्यावर न्यायालयीन उपाय जवळजवळ नसतो. ती जबाबदारी निवड करणाऱ्या संस्थेवरच राहते.

महाराष्ट्रातील प्रमुख उदाहरणे : निवडीतील अडचणी धारावीच्या इतिहासात ठळकपणे दिसतात. सु. २४० हेक्टर क्षेत्राच्या या वस्तीचा पुनर्विकास करण्याचे राज्य शासनाने २००४ मध्ये ठरविले. तिचे पाच विभाग पाडून २००७ मध्ये जागतिक स्वारस्य देकार मागविण्यात आले. ती प्रक्रिया २०११ मध्ये रद्द झाली. २०१६ च्या निविदेस प्रतिसाद मिळाला नाही. २०१८ मध्ये काढलेल्या निविदेत सेकलिंक या कंपनीचा ७,२०० कोटी रुपयांचा देकार सर्वोच्च ठरला होता. परंतु रेल्वेची जमीन प्रकल्पात आल्याने परिस्थिती बदलली, या कारणास्तव २०२० मध्ये तीही रद्द करण्यात आली. २०२२ च्या नव्या निविदेत अदानी समूहाचा ५,०६९ कोटी रुपयांचा देकार मान्य झाला. त्याविरुद्ध सेकलिंकने केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. पहिल्या निर्णयापासून विकासक निश्चित होईपर्यंत सु. १८ वर्षे लोटली.

गोरेगाव येथील सिद्धार्थनगर (पत्रा चाळ) प्रकल्प निवडीनंतरच्या देखरेखीचे महत्त्व दर्शवितो. ६७२ भाडेकरूंची संस्था, म्हाडा व विकासक यांच्यात २००८ मध्ये त्रिपक्षीय करार झाला. रहिवाशांची घरे रिकामी झाली. परंतु पुनर्वसनाच्या इमारती पूर्ण होण्यापूर्वीच विक्रीच्या हिश्श्याचे हक्क इतर विकासकांकडे गेले. म्हाडाने २०१८ मध्ये करार संपुष्टात आणला व रखडलेले काम २०२२ मध्ये स्वतः हाती घेतले. चौदा वर्षांत या कुटुंबांची एक पिढी घराबाहेर मोठी झाली.

याउलट वरळी येथील बीडीडी चाळींच्या प्रकल्पात म्हाडा हीच विकासक असून बांधकामासाठी ठेकेदार नेमलेला आहे. विक्रीतील जोखीम येथे सार्वजनिक संस्थेकडे राहते. सु. १६० चौ. फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात ५०० चौ. फुटांच्या सदनिका देण्यात येत असून पहिल्या ५५६ सदनिकांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. दक्षिण मुंबईतील भेंडी बाजारात तिसरा प्रकार आढळतो. तेथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट या दाऊदी बोहरा समाजाच्या विश्वस्त संस्थेने १६.५ एकरांवरील सु. २५० इमारतींचे काम हाती घेतले. रहिवाशांचा विश्वास असलेली संस्थाच विकासक असल्याने संमती मिळविणे तुलनेने सुकर झाले.

कल्याण-डोंबिवली व टिटवाळा : ठाणे जिल्ह्यात या प्रश्नाला तीव्र स्वरूप आले ते इमारती कोसळण्याच्या घटनांमुळे. शीळ फाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर समूह विकासाच्या मागणीस जोर आला. ठाणे महानगरपालिकेने शहरासाठी ४४ नागरी पुनर्निर्माण आराखडे तयार केले. किसननगर येथील पहिल्या प्रकल्पासाठी खासगी विकासकाऐवजी सिडकोची अंमलबजावणी संस्था म्हणून निवड झाली व जून २०२३ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सु. १२.४७ लाख होती. तिच्या क्षेत्रातील अनधिकृत बांधकामांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. अग्यार समितीने अशा बांधकामांची संख्या ६७ हजारांवर असल्याचे दाखविले. नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. या काळात प्रस्ताव तयार करणे व तो मंजूर करणे ही दोन्ही कामे एकाच हाती एकवटली होती.

टिटवाळा हा या महापालिकेचा उत्तरेकडील भाग. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील हे स्थानक मुंबईपासून सु. ६४ किमी. आहे. काळू नदीच्या परिसरातील हे गाव महागणपतीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असून येथे कण्व मुनींचा आश्रम होता, अशी आख्यायिका आहे. मंदिराची उभारणी पेशवेकालीन मानली जाते. अंगारकी चतुर्थीस येथे भाविकांची मोठी गर्दी होते. उपनगरी गाड्यांच्या सोयीमुळे मुंबईत घर घेणे न परवडणारे नोकरदार व श्रमिक येथे स्थायिक झाले. मांडा-टिटवाळा भागात गावठाणातील जुनी घरे, शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या बैठ्या चाळी व अलीकडील बहुमजली गृहसंकुले अशी तीन प्रकारची वस्ती आहे. यांपैकी प्रत्येकीत पुनर्विकासाचा प्रश्न निराळा आहे.

बैठ्या चाळींतील पुष्कळ खोल्यांचे व्यवहार केवळ मुद्रांकित कागदावर झालेले असतात. सात-बारा उताऱ्यावर जमीनमालकाचे अथवा त्याच्या वारसांचे नाव असते; खोलीधारकाचे नसते. जमीन आदिवासी खातेदाराची असल्यास पूर्वपरवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने मनाई केली आहे. अशा ठिकाणी विकासक कोण, यापूर्वी रहिवासी कोण, हे ठरवावे लागते. पात्र कुटुंबांची यादी निविदेपूर्वी प्रसिद्ध करून तिच्यावरील हरकती ऐकल्या नाहीत, तर विकासक निवडला गेल्यावर प्रत्येक अपात्र ठरलेले कुटुंब त्याला आपल्या नफ्याच्या वाटेतील अडथळा वाटू लागते व वाद न्यायालयात जातो. गावठाणात याउलट पिढीजात ताबा असतो, परंतु घरांच्या सीमा निश्चित नसतात आणि अंगण, पडवी व वाट यांवरील हक्क कागदावर उतरलेले नसतात.

दुसरी अडचण आर्थिक आहे. बांधकामाचा खर्च मुंबई, डोंबिवली व टिटवाळा येथे फारसा वेगळा नसतो. विक्रीच्या किमती मात्र रेल्वेच्या अंतरानुसार उतरत जातात. पुनर्वसनाचा सर्व भार विक्रीच्या हिश्श्यावर पडत असल्याने कमी किमतीच्या भागात तो हिस्सा खर्च भरून काढण्यास अपुरा पडतो. निर्देशांक वाढविल्यास अधिक मजले चढविता येतात. परंतु त्यांना गिऱ्हाईक मिळेलच असे नाही, आणि पाणी, मलनिःसारण व रस्ते यांवरील ताण मात्र निश्चितपणे वाढतो. नदीच्या पूररेषेमुळे काही जमिनीवर बांधकामास मर्यादाही येतात. म्हणून अशा गावी निविदेला एकच देकार आला अगर एकही आला नाही, तर तो नेहमीच संगनमताचा पुरावा ठरत नाही. योजनेचे गणितच जमत नसल्याचे ते लक्षण असू शकते. अशा ठिकाणी सार्वजनिक संस्थेने काम हाती घेणे, शासकीय अनुदान देणे किंवा सहकारी संस्थांनी स्वयंपुनर्विकास करणे हे पर्याय विचारात घ्यावे लागतात.

कागदपत्रांची शहानिशा किती आवश्यक आहे, हे डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणाने दाखवून दिले. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या सादर करून त्या इमारतींची महारेराकडे नोंदणी करण्यात आली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांत कर्ज काढून सदनिका घेतलेली कुटुंबे राहत होती.

करारातील संरक्षक तरतुदी : चांगल्या निवडीचे फळ करारावर अवलंबून असते. रहिवाशांचे भाडे आगाऊ अथवा बँक हमीने सुरक्षित करणे, पुनर्वसनाच्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रीच्या इमारतींचे प्रमाण मर्यादित ठेवणे, विक्रीचे हक्क पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित न करणे, टप्प्यांच्या मुदती व दंड ठरविणे आणि मुदत टळल्यास विकासक बदलण्याची रीत आधीच लिहून ठेवणे, या त्यांतील मुख्य तरतुदी होत. सहकारी संस्थांसाठीच्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमीची तरतूद आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. परंतु हे संरक्षण मुख्यतः सदनिका विकत घेणाऱ्यांसाठी आहे. विनामूल्य सदनिका मिळणाऱ्या मूळ रहिवाशास करारपत्राचाच आधार असतो. म्हणून करारात त्यांची संस्था ही स्वतंत्र पक्षकार असणे आणि कराराची मराठी प्रत तिला मिळणे इष्ट ठरते.

मूल्यमापन : स्पर्धात्मक निविदेमुळे निवडीला शिस्त व पारदर्शकता येते, परंतु निविदा जे मोजते, तेवढेच तिच्यातून मिळते. अधिमूल्य व गुंतवणूक यांचे आकडे सहज मोजता येतात. रहिवाशांची पात्रता, रोजगाराच्या जागा, शेजार व परत येण्याचा काळ या गोष्टी त्या मानाने दुर्लक्षित राहतात. वरील उदाहरणांवरून असे दिसते, की पात्र कुटुंबांची यादी आधी निश्चित होणे, त्यांचा हिस्सा स्पर्धेबाहेर ठेवणे, गणित जमत नसेल तेथे सार्वजनिक संस्थेने जोखीम पत्करणे आणि पुनर्वसनापूर्वी विक्रीस मुभा न देणे, या चार गोष्टी साधल्यास विकासक खासगी असो वा सार्वजनिक, प्रकल्प तडीस जाण्याची शक्यता वाढते. पुनर्विकासाचे यश नव्या इमारतीच्या मजल्यांवरून नव्हे, तर जुन्या यादीतील किती कुटुंबे ठरलेल्या मुदतीत तेथे परत आली, यावरून ठरते.